लंगोटाचे सामान बाजारात आहे. एका दुकानात नाही, इतकेच

मे महिन्यात उकिरडा उपसून शेणखत रानात टाकायचे काम निघते. ट्रॉली भरताना जरा वाकून बघा. पूर्वी शेणखतात फुटकी बांगडी निघायची, एखादे चिपाड निघायचे, फार तर गोणपाटाचा तुकडा. आता गुटख्याच्या पुड्या निघतात, कॅरीबॅग निघतात आणि त्यांच्या जोडीला लहान मुलांचे वापरून फेकलेले डायपर निघतात. ओल लागून ते फुगलेले असतात. फुटले की आतून भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढरा लगदा बाहेर पडतो. त्यावर रोटाव्हेटर फिरला की त्याच्या चिंध्या रानभर होतात.

हा विषय बायकांचा, म्हणून पान उलटू नका. उकिरडा तुमचा, रान तुमचे, आणि महिन्याच्या महिन्याला मेडिकलच्या दुकानात जाणारा पैसाही तुमचाच. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही हे लागू आहे. गावच्या गटारीत तुंबतो तोही हाच डायपर, आणि शौचालयाच्या भांड्यात अडकून बसतो तोही हाच.

"मग काय, जुन्या काळात जायचं?" असे कुणी विचारील. जुन्या काळात जायचे नाही, बाजारात जायचे आहे. कापडी लंगोटाला लागणारे सगळे सामान आपल्या सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मिळते. अडचण एकच आहे. ते एका दुकानात मिळत नाही, आणि काय मागायचे हे ठाऊक नसेल तर दुकानदारही देत नाही. कापडाच्या दुकानात जाऊन नुसते "लंगोट दाखवा" म्हणालात, तर तो पहिलवानाचा लाल लंगोट पुढे ठेवील!

पेटीतले सुती लुगडे गेले कुठे?

आपल्याकडे बाळासाठी लंगोट कुणी विकत आणत नव्हते. आजीचे नऊवारी लुगडे, आजोबांचे धोतर शंभरदा धुऊन मऊ झालेले असे. त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असे. बाळंतपण जवळ आले की ते फाडायचे. चौकोनी तुकड्यांची बाळोती व्हायची, तिकोनी तुकड्यांना नाडी लावून लंगोट व्हायचे आणि उरलेल्याची दुपटी, गोधडी व्हायची. बाळाच्या अंगाला जुनेच कापड लावावे ही रीत काटकसरीची होती, तशी शहाणपणाचीही होती. सुती कापड जितके धुवावे तितके ते मऊ होते आणि पाणीही जास्त पिते.

आता घरातली पेटी उघडून बघा. साड्या पॉलिस्टरच्या, जॉर्जेटच्या. धोतराच्या जागी टेरिकॉटची पँट आली. जे काही सुती उरले होते ते बोहारणीने भांड्याच्या बदल्यात नेले. सून बाळंत होऊन घरी येते, सासूबाई जुनी साडी फाडून लंगोट करून देतात, आणि बाळाने शू केली की ती कापडात न मुरता सरळ अंथरुणावर ओघळते. दोन दिवसांत घरातले सगळे वैतागतात. "कापडी लंगोटात काही राम नाही" असे म्हणून डायपरचा पुडा आणला जातो.

इथे दोष लंगोटाचा नाही, कापडाचा आहे. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही, कापूस पितो. एवढी गोष्ट ध्यानात आली की अर्धे काम झाले. सुती कापड घरात नसेल तर ते दुकानातून आणावे लागेल.

काय मागायचे, कुठे मागायचे?

पाच दुकाने आणि एक शिंपी, एवढ्यात सगळे जमते. बाजाराच्या दिवशी एका फेरीत होण्यासारखे काम आहे.

पहिले दुकान कापडाचे. तयार कपड्यांचे नव्हे, ताग्यातून मीटरवर कापून देणारे. तिथे "पांढरी सुती मलमल, ४४ पन्ह्याची" असे मागा. मलमल पातळ असते, पण लंगोटाला तीच चांगली. घड्या घालून जाडी वाढवता येते आणि धुतल्यावर घडी मोडून वाळत घातली की लवकर वाळते. मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण सुरुवातीला कडक असतो आणि वाळायला वेळ लावतो. त्याची दुपटी करा, अंगाला लागणारा लंगोट नको. थंडीच्या दिवसांसाठी फलालीन मिळते. तिच्यावर लव असते म्हणून ती उबदार असते. पण फलालीन चटकन पेट घेते. आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर धुरी देण्याची पद्धत आहे. फलालीन अंगावर असताना बाळाला विस्तवाजवळ अजिबात नेऊ नका. खरे तर धुरी बंद केलेलीच बरी. तो धूर बाळाच्या छातीला चांगला नाही.

दुसरे दुकान पंचे-धोतरांचे. पंढरपूरला वारकऱ्यांसाठी पंचे, उपरणी, धोतरे विकणारी दुकाने आहेतच, आणि इतर बाजाराच्या गावीही एखादे जुने दुकान सापडते. सुती धोतर म्हणजे सलग लांब, पातळ कापड. त्याचे हवे तेवढे चौकोन फाडता येतात. पंचा तर काठ आधीच शिवलेला किंवा विणलेला मिळतो, मधोमध कापला की दोन बाळोती तयार. मात्र धोतरातही आता मिश्र धाग्याचा माल येतो. "पूर्ण सुती आहे का?" हे विचारून घ्या आणि पुढे दिलेली पारख करूनच पैसे द्या.

तिसरे दुकान टॉवेल-चादरीचे. याबाबतीत सोलापूरकरांना दूर कुठे जायला नको. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसे इथल्या टर्किश टॉवेललाही मिळाले आहे. टॉवेलाच्या अंगावर धाग्याची जी बारीक कडी असतात, त्यांच्यामुळे तो साध्या कापडापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. मलमलीच्या घडीत मधोमध ठेवायची पट्टी करायला यासारखे दुसरे काही नाही. नवा कोरा, पहिल्या प्रतीचाच टॉवेल पाहिजे असे नाही. विणकामात किरकोळ दोष राहिलेला माल आहे का, असे कारखान्याच्या विक्रीच्या दुकानात विचारून बघा. एखादा धागा सुटला म्हणून पाणी कमी शोषले जात नाही.

आणि हो, सत्काराचे टॉवेल! लग्नात, वास्तुशांतीला, निवडून आल्यावर मिळालेल्या टॉवेल-टोप्यांनी कित्येक घरांत ट्रंका भरलेल्या आहेत. सरपंचांच्या घरी तर विचारायलाच नको. ते बाहेर काढा. सगळेच कामाचे निघतील असे नाही, कारण त्यातही मिश्र धाग्याचे बरेच असतात. पण पाण्याचा थेंब टाकून बघा. जो पिईल तो बाळाचा, जो पिणार नाही तो ट्रॅक्टर पुसायला.

चौथे दुकान मॅचिंग सेंटर. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल विकणारे. तिथे सुती नाडी, टिचबटणे, वेल्क्रोची पट्टी, मऊ इलॅस्टिक सारे मिळते. ब्लाऊजच्या अस्तराचे सुती कापडही मिळते. घेतलेच तर पांढरे घ्या, रंग जाण्याची भीती नको. सेफ्टी पिनेपेक्षा टिचबटण किंवा नाडी बरी. पिन उघडली तर बाळाच्या अंगात घुसते. शिवून लावायची साधी बटणे नकोतच. सुटून आलेले बटण बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

पाचवे दुकान मेडिकलचे. डायपरचे पुडे दर्शनी फळीवर लावलेले असतात. तुम्ही आत ठेवलेली रबरशीट मागा. ती अंथरुणाला, बाळाच्या अंगाला लावायची नाही. रबरशीट खाली, तिच्यावर सुती दुपटे आणि त्यावर बाळ, असा क्रम ठेवा. म्हणजे गादी भिजत नाही. धनगर-सनगरांच्या हातची घोंगडी घरात असेल तर तीही अंथरुणात खाली घालता येते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. मात्र घोंगडी बोचते, म्हणून तिच्यावर दुपटे पाहिजेच. मेडिकलमध्ये जखमेला लावायचे जाळीदार सुती कापड, म्हणजे गॉज मिळते. त्याचे तुकडे बाळाचे अंग पुसायला उत्तम.

याशिवाय तालुक्याच्या गावी आता तयार कापडी डायपरही दिसू लागले आहेत. बाहेरून पाणी न सोडणारे आवरण, पोटाशी टिचबटणांच्या ओळी आणि आत घालायची वेगळी पट्टी, अशी त्यांची रचना असते. बटणे पुढे-मागे लावून एकच आवरण बाळ वाढेल तसे वापरता येते. हे आवरण करायला पॉलिस्टरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेले कापड लागते. ते आपल्याकडच्या कापड दुकानात सहसा मिळत नाही. म्हणून ज्यांना परवडेल त्यांनी अशी तीन-चार आवरणे तयार घ्यावीत आणि आतल्या पट्ट्या घरी शिवाव्यात. बाहेरगावी जाताना, रात्री झोपताना हे सोयीचे पडते. रेनकोटच्या प्लास्टिकची चड्डी शिवून दिवसभर घालू नका. तिच्यातून हवा जात नाही, कातडी शिजल्यासारखी होते आणि पुरळ येते.

कापडाची पारख

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला म्हणून मान डोलवू नका. बी-बियाणे घेताना जशी पारख करता तशी इथेही करा. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे ओढून घ्या आणि दुकानाबाहेर येऊन काडी लावा. कापूस असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, बोटाने चुरडली की पूड होते. पॉलिस्टर असेल तर धागा वितळून आक्रसतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो. राखही आणि मणीही दिसला तर माल मिश्र आहे.

दुसरी पारख पाण्याच्या थेंबाची. पण कोऱ्या कापडाला खळ असते, शिवाय कापसाचे स्वतःचे मेणही थोडे असते. त्यामुळे नव्या सुती कापडावरही थेंब क्षणभर उभा राहतो. म्हणून ही पारख धुतलेल्या कापडावर करावी.

कापड घरी आणले की आधी शिवायला टाकू नका. रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी गरम पाण्यात साबणाने धुऊन वाळवा. असे तीन-चार वेळा करा. खळ जाते, कापड आटायचे तेवढे आटते आणि शोषण्याची ताकद वाढते. मगच कात्री लावा.

माप आणि शिवण

तान्हे बाळ दिवसाला दहा-बारा वेळा लंगोट ओला करते. उन्हाळ्यात दोन डझन पुरतात. पावसाळ्यात वाळत नाहीत, तेव्हा तीन डझन पाहिजेत. ४४ पन्ह्याच्या मलमलीत आडवे दोन तुकडे बसतात, २२ इंचांचा एक. अशा बारा ओळी कापल्या की २४ चौकोन झाले. त्याला पावणेसात मीटरच्या आसपास कापड लागते. आटण्याची वजावट धरून साडेसात मीटर घ्या. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर हे चौकोन लहान पडू लागतात. तेव्हा २७ इंचांचे वेगळे करा आणि जुने चौकोन आतली घडी म्हणून वापरा.

३० इंच रुंद आणि ६० इंच लांब टॉवेल घेतला, तर त्यातून ५ बाय १५ इंचांच्या २४ पट्ट्या निघतात. दोन पदरी शिवल्या तर १२. दोनापेक्षा जास्त पदर एकत्र शिवू नका. मधला पदर नीट धुतला जात नाही आणि वाळतही नाही. जास्त पाहिजे असेल तर दोन पट्ट्या एकावर एक ठेवा.

शिंप्याला काठ दुमडून बारीक शिवायला सांगा, नुसते कापून ठेवलेले सूत निघत राहते. सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, हे विसरू नका. शिंप्याकडे जायचेच असे नाही. गावात बचत गटाच्या महिलांकडे शिलाई मशीन असतात. दोन डझन चौकोन ही एका दुपारची शिवण आहे.

बांधताना दोन गोष्टी सांभाळा. नाळ गळून पडेपर्यंत लंगोटाची पुढची कड नाळेच्या खाली दुमडा, नाळ उघडी आणि कोरडी राहू द्या. आणि नाडी इतकीच आवळा की तिच्याखाली दोन बोटे सहज सरकतील.

पाण्याचे काय?

टँकरवर जगणाऱ्या गावातला माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि तो बरोबर आहे. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याकडे पाण्याचा हिशेब लिटरवर नव्हे, तांब्यावर होतो.

दिवसाचे दहा-बारा लंगोट एकदमच धुवायचे ठरवले तर तीन बादल्यांत बसतात. पहिली बादली साध्या, थंड पाण्याची, नुसते खळबळून काढायला. दुसरी साबणाची, जमल्यास गरम पाण्याची. तिसरी स्वच्छ पाण्याची. या तिसऱ्या बादलीतले पाणी ओतू नका. घरातले पुढचे धुणे भिजवायला ते चालते. पंधरा लिटरची बादली धरली तर ४५ लिटर झाले. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले. बाळ हेही घरातले एक माणूसच आहे. त्याच्या वाट्याच्या पाण्यातच त्याचे लंगोट धुऊन होतात. प्रश्न असेल तर तो नळाला पाणी येते की नाही याचा, आणि तो ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे.

लंगोटात शी असेल तर ती आधी शौचालयात टाका. "तान्ह्या बाळाची शी म्हणजे काही घाण नव्हे" हा समज काढून टाका. त्यातूनही हगवणीचे जंतू पसरतात. असा लंगोट हातपंपाच्या ओट्यावर, विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात धुऊ नका. धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडा, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात नको. आणि धुणाऱ्याने हात साबणाने धुवावेत.

कपड्यांना सुगंध आणि मऊपणा देणारी जी औषधे मिळतात ती लंगोटाला लावू नका. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी प्यायचे बंद होते. निळीची, खळीचीही गरज नाही. साबण मात्र पूर्ण निघाला पाहिजे, राहिला तर बाळाच्या अंगाला लागतो. बाकी काम आपले ऊन करते. सोलापूरच्या उन्हाला आपण एरवी नावे ठेवतो, पण लंगोट वाळवायला आणि जंतू मारायला त्याच्यासारखा फुकटचा गडी नाही. सावलीत, दमट कोपऱ्यात वाळलेला लंगोट घालू नका.

पुरळ येऊ नये याचा उपाय एकच, तो म्हणजे ओला लंगोट ताबडतोब बदलणे. दिवसातून थोडा वेळ बाळाला तसेच मोकळे ठेवा. पावडर फासू नका, ती श्वासावाटे छातीत जाते. चार दिवसांत पुरळ गेले नाही, फोड आले, पाणी सुटले तर आशाताईंना दाखवा किंवा आरोग्य केंद्रात जा.

कापडी लंगोटाचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. बाळाने किती वेळा शू केली ते आईला कळते. पहिला आठवडा सरत आला की अंगावर पिणारे बाळ दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू करते. तेवढी होत असेल तर दूध पुरते आहे असे समजायला हरकत नाही. कमी होत असेल तर लवकर दाखवले पाहिजे. डायपरमध्ये सगळे आतल्या आत जिरते, म्हणून ही खूण नजरेतून सुटण्याची शक्यता असते.

डायपर जातो कुठे?

डायपरच्या बाहेरच्या बाजूला प्लास्टिक असते आणि आत पाणी धरून फुगणारे रासायनिक दाणे असतात. हे शेणखतात कुजत नाही. कुणी म्हणेल, "पाणी धरणारी अशीच पावडर शेतीलाही मिळते की!" मिळते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेले पुसा हायड्रोजेल प्रसिद्ध आहे. पण ते सेल्युलोजवर आधारलेले, शेतीसाठीच केलेले आहे. मैला लागलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला डायपर म्हणजे ते नव्हे. उकिरड्यावरचा डायपर कुत्री ओढून नेतात, जनावरे चघळतात. गिळलेले प्लास्टिक गाईच्या कोठीपोटात साठत जाते, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

दोन खड्ड्यांच्या शौचालयात टाकला तर आधी भांडे तुंबते, आणि खड्ड्यात गेलाच तर तिथले खत बिघडते. चुलीत जाळला तर तो विषारी धूर स्वयंपाकघरात येतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात केली आणि तो गुंडाळून वेगळा द्यावा असे सांगितले. पण ज्या गावात घंटागाडीच येत नाही, तिथे तो द्यायचा कुणाकडे?

म्हणून ग्रामपंचायतीला तीन गोष्टी सुचवतो. पहिली, डायपरसाठी वेगळी टाकी किंवा विहिरी-बोअरपासून दूर, झाकण असलेला खोल खड्डा करा. दुसरी, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. त्यातून गावातल्या गरोदर महिलांना दोन डझन मलमलीचे लंगोट आणि एक रबरशीट देता येईल. शिलाई गावातल्याच बचत गटाला द्या, म्हणजे पैसा गावातच राहील. तिसरी, अंगणवाडीच्या मासिक बैठकीत लंगोटाची घडी आणि धुण्याची रीत एकदा दाखवा. सत्काराला टॉवेल-टोपीऐवजी चांगला सुती टॉवेल देण्याचा ठराव केला तरी पुष्कळ झाले!

कारखान्यांच्या हंगामात फडात येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या लेकरांचाही विचार करावा. आई पहाटेच फडात जाते, कोपीपाशी पाण्याचा पत्ता नसतो. तिला "कापडच वापर" म्हणून उपदेश करणे सोपे आहे. त्याआधी कोपीजवळ पाण्याची टाकी आणि धुण्याची जागा पाहिजे. ती सोय होत नाही तोवर तिने पाच-दहा रुपयांचा सुटा डायपर घेतला, तर दोष तिला कसा द्यायचा?

हिशेब तुम्हीच करा

दहा रुपयांचा एक डायपर धरा. दिवसाला पाच लागले तर पन्नास रुपये, महिन्याला दीड हजार. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत छत्तीस हजार. दुसऱ्या बाजूला मलमल ऐंशी रुपये मीटर धरली तर साडेसात मीटरचे सहाशे, टॉवेल तीनशे, रबरशीट दोनशे, नाडी-टिचबटणे पन्नास आणि शिलाई तीनशे. झाले साडेचौदाशे. हे आकडे नुसते समजायला घेतले आहेत, आपल्या बाजारातले भाव घालून पुन्हा मांडा. पुढे मोठे लंगोट करावे लागतील, साबणाचा खर्च वाढेल, तोही धरा. तरी पारडे कुठे झुकते ते दिसेल. शिवाय हेच लंगोट दुसऱ्या बाळाला चालतात आणि शेवटी पुसायला फडके म्हणून राहतात.

पण या हिशेबात एक खर्च कुणी मांडत नाही, तो म्हणजे धुणाऱ्या हातांचा. ओली बाळंतीण रोज बारा लंगोट धूत बसली तर ती काटकसर नव्हे, तिच्या जिवावरची बचत आहे. डायपर घराघरात शिरला याचे खरे कारण जाहिरात जेवढे, तेवढेच हेही आहे. बाईला थोडी उसंत मिळाली. कापडाकडे परत यायचे असेल तर ते काम वाटून घ्यावे लागेल. बैल धुणाऱ्या, ट्रॅक्टर धुणाऱ्या माणसाला तीन बादल्यांत बारा लंगोट धुणे जड नाही. बापाने धुतले म्हणून काही बिघडत नाही.

थोडे धुणे जुन्या युक्तीने कमीही होते. बाळ मान धरू लागले की उठल्या उठल्या आणि दूध पिऊन झाल्यावर त्याला पायांवर बसवून शी-शू करवायची, ही आपल्या आज्यांची रीत आहे. दिवसाला दोन-तीन लंगोट तरी त्यात वाचतात.

अगदीच सगळे एकदम जमणार नसेल तर दिवसा घरी कापड वापरा आणि प्रवासात, लग्नकार्यात डायपर. पाचाच्या जागी एक लागला तरी उकिरड्यावरचा भार पाच हिश्शांनी एकावर येतो. आपण कापूस पिकवणाऱ्या राज्यातली माणसे. आपल्या जिल्ह्यात टॉवेल विणले जातात. आपल्या लेकरांच्या अंगाला मात्र प्लास्टिक, आणि तेच प्लास्टिक पुन्हा आपल्या रानात!

पुढच्या बाजाराला जाल तेव्हा चिठ्ठीवर एवढे लिहून न्या: सुती मलमल साडेसात मीटर, टर्किश टॉवेल एक, नाडी, टिचबटणे, रबरशीट एक मीटर. आणि खिशात काडेपेटी असू द्या, धागा पारखायला.